दादा, तुझं ते ‘भव्य’

दादा, तू गेल्यावर गावात जो फ्लेक्स लागला, त्यात तुझा फोटो सगळ्यांत लहान आहे. खाली, उजव्या कोपऱ्यात. मधोमध साहेब हात जोडून उभे. त्यांच्या दोन्ही बाजूंना तालुक्यातले, जिल्ह्यातले, आणि ज्यांचं नाव माईकवर पुढे-मागे झालं म्हणून तुला बोलणी खावी लागायची ते सगळे. चेहरे हसरे आहेत, कारण वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचेच फोटो उचललेत. आणि खाली ठळक लाल अक्षरांत: ‘भव्य श्रद्धांजली सभा’.

मी एसटीतून उतरले आणि पहिलं हेच दिसलं. बेल्ह्यापासून गावापर्यंत रडू आवरत आले होते. ते रडू तिथेच आटलं आणि त्याच्या जागी जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. हे लिहितानाही उतरलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. मला ते जमत नाही. त्यांच्यावर रागावलेय आणि तुझ्यावरही.

साहेब म्हणतेय, नाव लिहीत नाही. त्यांना नाव छापून येण्याशी मतलब, ते कशाखाली छापलंय हे ते बघत नाहीत. म्हणून त्यांना ते मिळू द्यायचं नाही.

तुझं आणि माझं ‘भव्य’वरून भांडण सुरू झालं ते मला नोकरी लागली त्या वर्षी. मी बेल्ह्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागले होते आणि तू कमांडर जीपवर भोंगे बांधून गावोगाव पुकारत फिरायचास. तेव्हा फ्लेक्स नव्हते. भिंती चुन्याने पांढऱ्या करून त्यावर निळीने लिहायचे. लिहिणारा कुणीही असो, मजकूर सांगायला तुलाच बोलवायचे, आणि तुझा मजकूर एकाच शब्दाने सुरू व्हायचा. भव्य बैलगाडा शर्यत. भव्य भजन स्पर्धा. भव्य रक्तदान शिबीर. एकदा तर महाळुंगे पडवळच्या रस्त्याला मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, ‘पिठाच्या गिरणीचा भव्य शुभारंभ’. मी जीप थांबवायला लावली.

“एक खोली आणि एक मोटर,” मी म्हटलं. “त्यात भव्य काय आहे, दादा?”

“त्या मानसानं जन्मात एकदाच गिरनी काढलीय, तायडे.”

“मग ‘आनंदाने’ म्हण.”

“आनंदानं म्हणलं तर कोन येतंय? आनंद ज्याचा त्याच्या घरी. भव्य म्हणलं की शेजारचं गाव येतं.”

मी तुला वर्गात सांगते तसं सांगितलं होतं. भव्य म्हणजे नुसतं मोठं नव्हे. उसाच्या मोळ्यांनी लादलेला ट्रक मोठा असतो, भव्य नसतो. शिवनेरी खालून बघताना आपण लहान होतो, पण आपला अपमान होत नाही, उलट बरं वाटतं. ते भव्य. असला शब्द गिरणीला लावला तर गिरणी मोठी होत नाही, शब्द झिजतो. रोज कामाला जुंपलास तर मरेल तो.

“बैल मरतो,” तू म्हणालास. “शब्द न्हाई मरत.” आणि जीप चालू करून निघून गेलास, वर भोंग्यावरून मला ऐकू जाईल असं पुन्हा एकदा भव्य म्हणून.

मग मी कोशात तो शब्द काढून बघितला. तुला हरवायचंच होतं. तर निघालं भलतंच. संस्कृतात भव्य म्हणजे जे पुढे व्हायचं आहे ते, होऊ घातलेलं. मोठेपणाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. रक्षाबंधनाला आले तेव्हा तुला हे सांगितलं. तू ओवाळून घेता घेता थांबलास. “म्हंजी अजून झालं न्हाई, पन व्हनार हाये, ते भव्य?” हो म्हटलं. पुढच्या शर्यतीला तू घाटाच्या, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या, टोकावर पुकारायला बांधलेल्या माळ्यावर उभा राहून चार गावच्या लोकांना सांगितलंस, “आमची भैन बेल्ह्याला मास्तरीन हाये. तिनं बुकात बघून सांगितलंय. भव्य म्हंजी जे व्हायचंय ते. तर मंडळी, गाडा अजून सुटलेला नाही, म्हणून ही शर्यत भव्य हाये.” लोक हसले. मी बायकांच्यात उभी होते, मीही हसले, आणि घरी जाताना रागावले. तुला दिलेली कुठलीही गोष्ट तू अशीच वापरायचास. दुसऱ्या दिवशी ती सगळ्या तालुक्याची झालेली असायची.

तुझा आवाज मात्र होता. तो मी नाकारणार नाही. गाडा सुटला की धुळीत काही दिसायचं नाही. कुणाचे बैल, बैलांपुढे पळणारी घोडी कुणाची, गाडा किती सेकंदांत वर पोचला, सगळं तुझ्या तोंडून कळायचं. गाडामालक दावणीतल्या बैलाचं नाव तुझ्या तोंडून ऐकायला वर्षभर वाट बघायचे. आपले वडील, ज्यांनी तुला ‘भोंग्या’ म्हणून शिव्या दिल्या, तेही शेवटी आजारपणात खाटेवर पडून वाऱ्यावर येणारा तुझा आवाज ऐकायचे आणि आईला सांगायचे, “आता फायनल चाललीय बघ.”

आणि म्हाळूतात्यांच्या मुलीचं लग्न. ते मी विसरलेले नाही. धनगरवस्तीवरचं लग्न, मेंढरं लांब चरायला गेलेली, अर्धे भाऊबंद त्यांच्यामागे. मांडवात निम्म्या सतरंज्या रिकाम्या. नवरदेवाकडचे नाकं मुरडून बसलेले. म्हाळूतात्या वाढप्यांच्या मागे अंग चोरून उभे, जणू स्वतःच्या मुलीच्या लग्नात चुकून आले होते. तू फुकट साऊंड लावला होतास. माईक घेऊन म्हणालास, “म्हाळूतात्यांच्या कन्येच्या या भव्य विवाह सोहळ्याला आलेल्या समस्त पावन्यांचं वस्तीच्या वतीनं स्वागत.” मी तुला कोपराने ढोसलं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. पुन्हा म्हणालास, यावेळी सावकाश. तेव्हा म्हाळूतात्या हलले. फेटा नीट केला, पुढे आले, आणि नवरदेवाच्या मामाचा हात धरून त्याला पहिल्या पंगतीला घेऊन गेले. मग शेवटपर्यंत ते यजमानासारखे फिरत होते.

त्या दिवशी मी वाद घातला नाही. पण तुझं म्हणणं मान्य केलं असंही नाही. वाकलेल्या माणसाला ताठ करण्यासाठी वापरलेला शब्द वेगळा, आणि फुगलेल्याला आणखी फुगवण्यासाठी वापरलेला वेगळा. अक्षरं तीच असली म्हणून काय झालं? आणि तुला हा फरक कळत होता, दादा. माझा सगळा राग इथे येऊन अडतो. तुला कळत नसतं तर मी तुला माफ केलं असतं.

साहेब मोठे होत गेले तसा तू त्यांचा होत गेलास. आधी निवडणुकीपुरता, मग उद्घाटनांना, मग त्यांच्या भाच्याच्या जावळालासुद्धा. त्यांनी तुला काय दिलं? शाल आणि नारळ. वहिनीच्या कपाटात त्या शालींची चवड लागलीय, एकही अंगावर घेण्यासारखी नाही, सगळ्या खरखरीत. तू म्हणायचास, “मान हाये तो.” पण गाडामालक तुला रात्रीच्या पंगतीत शेजारी बसवायचे. साहेबांच्या बंगल्यात तू कधी आत बसून जेवलायस का? मी विचारलं होतं. तू हातातल्या शालीची घडी घालत राहिलास.

आपली शेवटची भेट बेल्ह्याला झाली. तू मित्राबरोबर टेम्पोतून बाजारात बैल बघायला आला होतास आणि माझ्याकडे चहाला थांबलास. बसल्या बसल्या म्हणालास, “एक काम व्हतं. साहेबांचा वाढदिवस हाये. मानपत्र लिवून दे. तुझ्यासारखं मराठी कुनाचं न्हाई.”

“काय लिहायचंय त्यात?”

“आगं तेच. भव्य व्यक्तिमत्त्व, दिव्य कर्तृत्व...”

“भव्य माणसाला लावत नाहीत. आणि या माणसाला तर नाहीच.”

“तुझं काय वाकडं केलंय त्यांनी?”

“माझ्या शाळेचं छप्पर तीन पावसाळे गळतंय. प्रत्येक पावसाळ्यात ते बघायला येतात. प्रत्येक वेळी तूच माईकवर असतोस.”

तू कप खाली ठेवलास. अर्धा चहा तसाच. “तुला सगळ्यात खोटच दिसती,” म्हणालास. मी म्हटलं, “आणि तुला कशातच दिसत नाही.” तू चपला घातल्यास. दारातून वळून म्हणालास, “ये कार्यक्रमाला. तुझी वैनी बी येनारे. लई भव्य हाये.” मुद्दाम म्हणालास. मी आले नाही. मानपत्रही लिहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. आजही तू येऊन मागितलंस तरी मी लिहिणार नाही.

पुढचं मला वहिनीने सांगितलं. ती बायकांच्या बैठकीत पुढेच होती.

स्टेज रस्त्यावरून दिसलं पाहिजे, असं साहेबांच्या माणसांनी सकाळी सांगितलं. आधी घातलेलं होतं ते त्यांना बुटकं वाटलं. मांडववाल्याने नाही म्हटलं, तर त्याला दुसऱ्या मांडववाल्याचं नाव ऐकवलं. मग त्याने ड्रमवर ड्रम ठेवले, बांबू जोडले, वर फळ्या टाकल्या. मागे लोखंडी सांगाड्यावर साहेबांचं दोन मजली चित्र उभं केलं. तू दुपारी जेवायला घरी गेलास तेव्हा वहिनीला म्हणालास, “स्टेज हालतंय जरा.” वहिनी म्हणाली, “मग सांगा की कुनाला.” तू म्हणालास, “सांगितलंय. व्हईल सगळं नीट.” आणि इस्त्रीचा शर्ट घालून गेलास.

संध्याकाळी साहेब आले. त्यांच्यामागे कार्यकर्ते चढले, त्यांच्यामागे त्यांचे कार्यकर्ते. फोटोत यायचं होतं सगळ्यांना. तू एका कडेला, त्या चित्राच्या पायाशी, माईक घेऊन. वहिनी सांगते, तू म्हणालास, “ज्यांची नावं पुकारली नाहीत त्यांनी कृपया व्यासपीठावरून खाली उतरावं, ही नम्र विनंती.” कुणी हललं नाही. तू पुन्हा म्हणालास. कुणी हललं नाही. मग तू तिसऱ्यांदा म्हणालास, तेव्हा साहेबांनीच हात हलवून तुला सांगितलं, राहू दे, चालू कर. आणि तू चालू केलंस. “या भव्य...” एवढं म्हणालास आणि फळ्या बसल्या.

पुढचे सगळे पुढे घसरले, मऊ गर्दीत. कुणाचं ढोपर खरचटलं, कुणाचं मनगट मुरगळलं. चित्र मागून आलं. ते तुझ्यावर आलं.

मंचरला नेलं, तिथून पुण्याला. वाटेतच तू गेलास. वहिनी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती सांगते, तू एकदाच बोललास. “लोकं उतरली का?” असं विचारलंस.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, ‘उत्साही गर्दीमुळे दुर्घटना’. म्हणजे गर्दीमुळे. म्हणजे कुणामुळेच नाही. आणि पोलिसांनी मांडववाल्याला नेऊन बसवलं.

तुझा दहावा नदीकाठी झाला. तुला माहीतच आहे, आपल्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं असतात. तूच किती दहाव्यांना माईकवर उभा राहून एकेकाला बोलावलंयस. तुझ्या दहाव्याला गोरख होता. दहा-बारा वर्षं तुझ्याबरोबर साऊंड लावणारा गोरख. मशीन त्याचंच, माईक त्याच्याच हातात. नावं वाचताना त्याचा आवाज फाटत होता. साहेब आले, मनगटाला पांढरी पट्टी. त्यांनी बराच वेळ स्वतःच्या पट्टीबद्दल बोलून मग तुझ्याबद्दल सांगितलं, “कलाकाराला रंगमंचावर मरण यावं, असं भाग्य लाखात एखाद्याला लाभतं. आमच्या या जिवलगाच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण दरवर्षी भव्य बैलगाडा शर्यत भरवू.”

टाळ्या वाजल्या नाहीत एवढंच, दहावा होता म्हणून.

मी उठले. तिथे बाया बोलत नाहीत, तुला ठाऊक आहे. मी पुरुषांच्या रांगांतून गोरखपर्यंत गेले आणि हात पुढे केला. त्याने माईक दिला. मी काही ठरवून गेले नव्हते. मी म्हटलं, “माझ्या भावाने तीन वेळा सांगितलं होतं, खाली उतरा. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी हात वर करा.”

कुणी हात वर केला नाही. साहेबांचा एक माणूस मागून म्हणाला, “ताई दुःखात हायेत, बसवा त्यांना.” आणि गोरखला त्याने बोटाने खूण केली, बंद कर म्हणून. मी बघत होते. गोरखने त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

मग बायकांच्या बाजूला वहिनीने हात वर केला. पांढऱ्या कपाळाची, उन्हात बसलेली वहिनी. तिच्याशेजारी म्हाळूतात्यांची बायको होती, तिने केला. मग पुरुषांत कुठे कुठे. एक गाडामालक. आपला चुलता. फार नाहीत. पण साहेबांना ते मोजता येण्याइतके होते, आणि साहेब जेवायला न थांबता गाडीत बसले.

यातून काय निघालं ते सांगते, वाढवून सांगत नाही. मांडववाला जामिनावर सुटून वहिनीकडे आला, ओट्यावर बसून रडला. म्हणाला, “मला सकाळी उंच करायला लावलं, वैनी. मी न्हाई म्हणलो व्हतो.” वहिनीने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, “हे माझ्यापाशी बोलून काय व्हतंय? जाऊन तिथं बोला.” तो गेला. कुणी सांगितलं होतं, त्यांची नावं त्याने लिहून दिली. हात वर करणाऱ्यांपैकी काहींनी साक्ष दिली, काहींनी नंतर अंग काढून घेतलं. केस चालू आहे. साहेब आहेत तिथेच आहेत. शर्यतीचा विषय घेऊन त्यांचे लोक आले, तेव्हा वहिनी दारातूनच म्हणाली, “ह्यांचं नाव शर्यतीला लावायचं न्हाई. लावलंत तर मी घाटात येऊन बसीन.” ते पुन्हा आले नाहीत.

माझ्याशी गावात काहीजण बोलत नाहीत. मला काही फरक पडत नाही. पण तुझ्याशी बोलायचं राहिलंय, ते बोलते.

माघातली जत्रा झाली. मी जाणार नव्हते. वहिनी म्हणाली, चला, म्हणून गेले. माळ्यावर गोरख होता. खरं तर त्याने शर्यत कधी पुकारलेली नाही, त्याचा आवाज बारीक आहे, पण दुसरं कुणी नव्हतं. नेहमीप्रमाणे सरपंच, संचालक, त्यांचे पाहुणे सगळे माळ्यावर चढले. गोरख म्हणाला, “खाली उतरा.” कृपया नाही, विनंती नाही. कुणी हललं नाही. तेव्हा त्याने माईक फळीवर ठेवला आणि स्वतःच शिडीवरून खाली आला. खाली येऊन मातीत बसला.

खालच्या टोकाला बैल जुंपलेले, मालक दावं धरून ताटकळलेले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सरपंच वरून ओरडले, “अरे चालू कर की.” गोरख जागचा उठला नाही. कुणीतरी वर माईक उचलून पुकारायचा प्रयत्न केला, तर लोकांनीच त्याची हुर्यो उडवली. ऊन चढत होतं. मग एकजण उतरला, तोंड वाकडं करून. मग दुसरा. मग सरपंच, पाहुण्यांना हात देत. शेवटचा माणूस खाली आला, तेव्हा गोरख उठला, पॅंट झटकली, वर गेला आणि पहिल्या गाड्याचं नाव घेतलं.

वहिनी माझ्याशेजारी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

एवढंच करायचं होतं, दादा. माईक ठेवून खाली यायचं होतं. तुझ्यावाचून त्यांचं काय चाललं असतं? तुझ्या आवाजावाचून साहेब त्या फळ्यांवर नुसते उभे राहिले असते, आणि चार गावांनी त्यांना बघितलं असतं, केवढे आहेत ते. तुला हे ठाऊक नव्हतं का, की सगळा डोलारा तुझ्या गळ्यावर उभा होता? तू तीन वेळा विनंती केलीस. चौथ्यांदा गप्प बसायला काय झालं होतं?

गाडा सुटला. धूळ उडाली. गोरखचा आवाज वाऱ्यात अर्धा ऐकू येत होता, कुठले बैल वर पोचले ते आम्हाला कळलंच नाही.